जिजीची अर्धी गोळी

मेजरच्या खिडकीत एक पितळी अडकित्ता असायचा. त्या घरात सुपारी कोणी खात नाही. हे मला पक्कं माहीत, कारण वीस वर्षं मी त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहतो आणि माझं निम्मं जेवण त्यांच्याकडेच होतं. तरी हा अडकित्ता इथे कशाला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. वाटायचं, गावाकडून आलेल्या वस्तू असतात, काम नसलं तरी फेकवत नाहीत. पुढे कळलं तेव्हा मनात आलं, आपल्याला डोळे दिलेत ते फक्त लूमवरचा तुटलेला धागा बघायला.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिताना हात अडखळतो. पण ही गोष्ट मला एका माणसाला तोंडाने सांगायची मनाई आहे, आणि कोणालाच न सांगता ती पोटात राहत नाही. म्हणून कागद.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या खानदेशात फौजेतून आलेल्या कोणालाही गाव मेजरच म्हणतं. निवृत्तीनंतर ते बायकोला घेऊन सुरतेला आले, बमरोलीच्या एका मिलच्या फाटकावर वॉचमन लागले आणि डिंडोलीत खाली दोन खोल्या, वर एक असं घर घेतलं. त्यांची बायको म्हणजे जिजी. सगळी गल्ली तिला जिजीच म्हणते.

मी सुरतेला आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. ज्या चुलतभावाच्या भरवशावर आलो तो महिन्यापूर्वीच कडोदऱ्याला दुसरीकडे कामाला गेला होता. मी मिलच्या फाटकाशी पिशवी छातीशी धरून उभा, आणि समोर खाकी स्वेटर घातलेला उंच माणूस. त्यांनी गाव विचारलं. गाव एकच निघालं. मग म्हणाले, आधी सरळ उभा राहा, मग रड. संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. जिजीने मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. "तू जेवना का रे भाऊ?" एवढंच विचारलं आणि ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली.

दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा घरी परत पाठवा असं मी तापात बडबडत होतो म्हणे. पाठवलं नाही. जिजीने अठरा दिवस मऊ भात खाऊ घातला आणि मेजरनी माझ्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, जाऊन शेठला सांगितलं की याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. सख्खं कोणी एवढं करत नाही. हे लिहायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसांच्या बाबतीत केलं.

मेजरची पहिली बायको ते नोकरीत असतानाच वारली होती. निवृत्त होऊन ते गावी आले त्याच वर्षी त्यांचा थोरला भाऊ विहिरीचं काम करताना गेला. मागे भावजय आणि सहा वर्षांची मुलगी. घरातल्यांनी ठरवलं आणि मेजरचा भावजयीशी पाट लागला. पाट म्हणजे लग्नच, पण त्यात हळद नाही, वाजंत्री नाही, पत्रिका नाही आणि फोटो तर नाहीच. पाच जाणती माणसं समोर बसतात, कुंकू लागतं, झालं. त्याबद्दल नंतर कोणी बोलतही नाही. ती भावजय म्हणजे जिजी. मुलगी आता शिरपूरला तिच्या संसारात आहे.

पण फौजेच्या कागदांना हा पाट माहीत नव्हता. पेन्शनच्या कागदावर पत्नीच्या रकान्यात पहिलीचं नाव आणि पुढे मयत. जिजीच्या आधार कार्डावर अजून थोरल्या भावाचंच नाव. म्हणजे कागद बघणाऱ्याला मेजर एकटे आणि जिजी दुसऱ्याच कोणाची विधवा. उद्या मेजरना काही झालं तर पेन्शन तिथेच बंद पडणार. आणि आजही माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड एकट्या मेजरचं. दर महिन्याला ते पांढरा शर्ट इस्त्री करून जायचे, तपासून घ्यायचे, खिडकीवरून औषधं आणायचे. जिजीला तिथे डॉक्टरही नाही आणि औषधही नाही.

तीस वर्षं त्यांनी हे का चालू ठेवलं, असं कोणीही विचारेल. मीही एकदा आडून विचारलं. मेजर म्हणाले, फॉर्मात भावाची बायको माझी बायको असं कसं लिहायचं, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात बसलेली पोरं हसतील. शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस कारकुनाच्या हसण्याला भ्यायचा. मला त्याचं तेव्हा नवल वाटलं होतं. पुढे कळलं की मी त्यांच्यापेक्षा भित्रा.

मग दोन गल्ल्यांपलीकडचे एक माजी सैनिक वारले. तेराव्याला मेजर गेले होते. त्या बाईचं नाव कागदावर होतं, त्यामुळे तिची पेन्शन लगेच सुरू होणार असं तिथे बोलणं झालं. मेजर घरी आले, पत्र्याची पेटी काढली, सगळे कागद खाटेवर पसरले आणि मला वरून हाक मारली. म्हणाले, जवान, हे काम आता करायचंच.

चौकशी मीच केली. सैनिक कार्यालयातला माणूस स्वतः फौजेतला होता, नीट बोलला. निवृत्तीनंतरचं लग्नसुद्धा नोंदवता येतं, म्हणाला. फक्त लग्नाचा दाखला आणा, दोघांचा एकत्र फोटो आणा, बाकी अर्ज मी भरून देतो. दाखल्यासाठी मी गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. तो म्हणाला, नोंद करू, पण पाट डोळ्यांनी पाहिलेला एक तरी माणूस सहीला पाहिजे. पाच जाणत्यांपैकी चार जण वर गेलेले. उरले होते एकच, आमचे गुरुजी. तेव्हा ते आमच्या शाळेत नुकतेच बदलून आले होते आणि विधवेचं भलं होतंय म्हणून आवर्जून बसले होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी निघालो होतो. मेजरनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद घातले, त्यावर रबर लावलं आणि माझ्या हातात दिलं. जिजीने गुरुजींसाठी खाऱ्या बिस्किटांचा पुडा दिला. त्यांना चहाबरोबर आवडतात, हे तिला तीस वर्षांनी आठवत होतं.

आता माझी गोष्ट. मला पाढे तोंडपाठ असायचे. गुरुजींचा माझ्यावर जीव होता. आठवीत असताना बापाने शाळा बंद म्हटलं तेव्हा गुरुजी आमच्या दारात येऊन बसले. म्हणाले, दहावीपर्यंतचं माझ्याकडे लागलं, पोराला फक्त शाळेत येऊ द्या. बाप हो म्हणाला. मलाच सुरतेचं वेड लागलं होतं. चुलतभावाच्या पायातले बूट बघून. आठ दिवसांनी, गुरुजींनी आणून दिलेल्या नव्या वह्यांची पिशवी रिकामी करून, तीच पिशवी घेऊन मी गाडीत बसलो. नंतर भाऊ सांगायचा, गुरुजी वर्षभर हजेरीत माझं नाव घेत होते. नाव घ्यायचे, थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

वीस वर्षांत मी त्यांच्या गल्लीतून एकदाही गेलो नव्हतो. गावी गेलो की मारुतीच्या मागून वळसा घ्यायचो.

त्या आखाजीला पहिल्या दिवशी गेलो. गुरुजी ओट्यावर खाटेवर बसलेले. फार वाळले होते. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचत होते. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी थांबलो. मनात वाक्य जुळवलं: गुरुजी, ओळखलं का. मग वाटलं, ओळखलं तर? काय करतोस विचारतील. लूम चालवतो. किती शिकलास पुढे? आणि आलास तो पण सही मागायला. मी दुकानातून काडेपेटी विकत घेतली आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी ओट्यापासून दहा पावलांवर होतो. त्यांनी पेपर खाली केला, माझ्या दिशेने बघितलं. दिसलं की नाही कोण जाणे. मी मान खाली घालून पुढे निघून गेलो, जसा काही नदीवरच चाललो होतो. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. बिस्किटांचा पुडा भाच्यांनी खाल्ला.

सुरतेला परत आलो. उधना स्टेशनला उतरल्यापासून घरापर्यंत काय सांगायचं ते ठरवत होतो. मेजर दारातच उभे होते. मी म्हणालो, गुरुजी पुण्याला लेकाकडे गेलेत, दिवाळीत येतील. बोलताना त्यांच्याकडे बघितलंही नाही, चपला काढत बोललो. मेजर म्हणाले, ठीक आहे, दिवाळीला बघू. जिजीने विचारलं, बिस्किटं? मी म्हणालो, शेजारी ठेवून आलो.

एक खोटं बोललो तर त्याला लगेच दुसरं लागलं. पण खरं सांगतो, तेव्हा मला फार अपराधी वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. दिवाळी लांब होती. दिवाळीला नक्की जायचं, पाया पडायचं, सगळं नीट करायचं, असं रोज लूमवर उभा राहून ठरवायचो. गुरुजींशी मनातल्या मनात इतक्यांदा बोललो की भेट झालीच असं वाटायला लागलं होतं.

पोळ्यानंतर भावाचा फोन आला. खात्यात लूमच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून मी जिन्यात गेलो. बैल कसे सजवले ते त्याने सांगितलं, कपाशीचं सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, अरे, तुझे गुरुजी गेले परवा, झोपेतच. मी हो हो म्हणालो. फोन खिशात ठेवला. पाळी संपेपर्यंत काम केलं. एकही धागा तुटू दिला नाही त्या दिवशी.

मेजरना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. दसरा गेला. जिजी मला दिवाळीच्या गाडीचं तिकीट काढलंस का विचारायला लागली.

दिवाळीच्या आधीच मेजरच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. बूट चावला होता, त्यांनी लक्ष दिलं नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि चिडल्या. म्हणाल्या, महिन्याला एवढी औषधं देतो, तरी साखर एवढी कशी, काका गोळ्या घेता की कबुतरांना घालता? मग बाईंनी चिठ्ठी दिली आणि माजी सैनिकांच्या योजनेतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात मेजरना ठेवून घेतलं. अंगठा वाचला नाही. शुद्धीवर आल्यावर मेजरनी पायाकडे बघितलं आणि नर्सला म्हणाले, तुकडीतला एक जवान कमी झाला, बाकीचे हजर आहेत.

नर्सने मला सांगितलं, घरी जे औषध घेतात ते सगळं घेऊन या. मी घरी आलो. जिजी म्हणाली, खिडकीत शे. खिडकीत अडकित्ता होता आणि त्याच्या मागे एक डबी. उघडली तर आत सगळ्या अर्ध्या गोळ्या. एका बाजूला सरळ कापलेल्या, एखादीचा भुगा झालेला. मी विचारलं, जिजी, हे काय?

"अर्धी यासनी, अर्धी मनी," ती म्हणाली. "साखर दोन्हीसले शे ना, भाऊ. दवाखाना एकलासले गोया देस."

साखर दोघांना, आणि दवाखाना गोळ्या एकालाच देतो. अर्धी त्यांची, अर्धी तिची. दोन वर्षं झाली होती. बाहेरून विकत आणू दिल्या नाहीत तिने, आणि मेजरनी एकट्याने अख्खी घ्यायला नकार दिला. औषधं आली की मेजर अडकित्त्याने गोळ्या कापून डबीत भरायचे आणि रोज सकाळी नीट कापलेला तुकडा तिला द्यायचे. दोघांचंही भागत नव्हतं. एवढी साधी चूक, आणि ती दोघांनी प्रेमाने केलेली. मी रोज त्या खिडकीशेजारी बसून त्यांच्याकडची भाकरी खाल्ली होती.

दोन वर्षांतले आखाजीपासून दिवाळीपर्यंतचे महिने माझे. हा हिशेब मी केला नाही, तो आपोआप झाला. सही आणली असती तरी कार्ड तेवढ्यात आलं असतं की नाही, कोण सांगणार. सरकारी काम. मी स्वतःला हे समजावतो. पटत नाही.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी जिजी खाली चहाला गेली होती. मी मेजरच्या खाटेशी उभा होतो. बसायची हिंमत नव्हती.

"गुरुजी पुण्याला गेलेच नव्हते," मी म्हणालो.

मेजरनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गावातच होते. मी ओट्यापर्यंत गेलो दोनदा, आणि परत आलो. आता ते वारलेत. पोळ्याला."

"का परत आलास?"

"लाज वाटली. शाळा सोडून पळालो होतो त्यांची."

शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर भजन ऐकत होता. मेजर म्हणाले, "मी एक फोन करून विचारू शकत होतो. केला नाही. तू रिपोर्ट दिला होतास. आपल्या जवानाचा रिपोर्ट परत तपासायचा नसतो."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, जिजी आली की तिलाही सांगतो आणि पाया पडतो.

"नाही." ते उठून बसायला लागले, मी उशी लावली. "तू सांगशील, ती म्हणेल जाऊ दे भाऊ, आणि तू मोकळा होशील. इतक्यात मोकळं व्हायचं नाही. आधी तिचं नाव चढव."

जिजी चहा घेऊन आली. तीन कप आणले होते.

त्यानंतर मी जी धावपळ केली तिला लोक सेवा म्हणतात. गल्लीत माझं कौतुक होतं. मी सुट्टीच्या दिवशी, कधी पाळी बदलून, कागद घेऊन फिरत होतो. सैनिक कार्यालयातल्या त्या माणसाने सांगितलं, साक्षीदार नसेल तर दोघांचं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला आधार म्हणून एखादा जुना सरकारी कागद जोडा. म्हणजे गुरुजींची एक सही गावातल्या गावात, ओट्यावर, चहाबरोबर जे करून गेली असती, ते आता सुरतेत अनोळखी लोकांसमोर जिजीच्या तोंडून वदवायचं होतं.

कोर्टाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगवाले बसतात. मेजर कुबडीवर, मी फाइल घेऊन, जिजी नवं लुगडं नेसून. बाकावर आणखी सात-आठ माणसं आपापल्या नंबरची वाट बघत होती. टायपिंगवाला तरुण होता, गुजराती. त्याने कार्ड बघितलं आणि हिंदीत विचारलं, इथे पतीचं नाव एक आणि तुम्ही सांगता दुसरं, असं कसं? मेजर बोलायला लागले आणि पहिल्याच शब्दावर अडले. फाटकावर चाळीस ट्रकवाल्यांना ओरडून सरळ करणारा माणूस. ते नुसते माझ्याकडे बघायला लागले. मी फाइलचं रबर काढत-लावत होतो.

तेव्हा जिजी पुढे सरकली. तिने दोन्ही नावं घेतली. मी वीस वर्षांत तिच्या तोंडून मेजरचं नाव ऐकलं नव्हतं. हे, ते, मेजर, एवढंच. तिने आधी थोरल्याचं नाव घेतलं आणि मग धाकट्याचं.

"पहिला धनी विहिरमा गया," ती म्हणाली. "मंग यासना संगे मना पाट लागना."

"माजी, फरीथी बोलो ने," टायपिंगवाला म्हणाला. त्याला अहिराणी कळली नव्हती, पुन्हा सांगा म्हणत होता. त्याने स्वतःच्या समजुतीसाठी मोठ्याने विचारलं, म्हणजे दीर? बाकावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली.

जिजीने पुन्हा सांगितलं. या वेळी हिंदीत, तुटक, एकेक शब्द वेगळा करून. मेरा आदमी मर गया. ये उसका छोटा भाई. घरवालोंने पाट लगाया. ये मेरा आदमी है. तीस साल. टायपिंगवाल्याची बोटं चालत होती. मी जमिनीकडे बघत होतो. जिजीला ते दिसलं. ती माझ्याकडे वळली.

"लाज कसानी रे, भाऊ? मी काय चोरी करेल शे का?"

तिला वाटलं, मला तिची लाज वाटतेय. मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

तिथून आम्ही फोटो काढायला गेलो. दोघांचा एकत्र असा पहिलाच. फोटोवाल्याने त्यांना जवळ सरकायला सांगितलं, दोघंही सरकेनात. शेवटी त्याने स्टूलच सरकवलं. मेजर छाती काढून समोर बघत बसले, जिजी पदर तोंडाशी धरून हसायची. पदर खाली करा, फौजेला तुमचं तोंड बघायचंय, असं मेजर म्हणाले तेव्हा कुठे फोटो निघाला. त्यात जिजीचं हसू अर्धंच आवरलेलं आहे.

राहिला जुना कागद. रेशनकार्ड जुनं नव्हतं, मतदार यादीत जिजी थोरल्याची. मग जिजीलाच आठवलं. पाटानंतर मेजर मुलीचा हात धरून शाळेत गेले होते आणि गुरुजींनी काहीतरी वहीत लिहून घेतलं होतं. नाव बदललं का काय ते तिला माहीत नव्हतं.

म्हणून मला त्याच शाळेत जावं लागलं. वीस वर्षांनी. आता तिथे एक बाई मुख्याध्यापक आहेत, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी कपाटातून जाड रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पानं उलटली. मुलीचं नाव सापडलं. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईने, त्या बारीक उभ्या अक्षरात, जे मी फळ्यावर बघत मोठा झालो, लिहिलं होतं: वडील मयत. आईचा पुनर्विवाह माझ्या समक्ष. पालक, चुलते. खाली तारीख आणि सही.

म्हणजे गुरुजींनी सही तीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. मी ओट्यावर गेलो असतो तर त्यांनीच सांगितलं असतं, अरे वेड्या, शाळेत जा, मी लिहून ठेवलंय. पाच मिनिटांचं काम.

बाईंनी उतारा लिहून दिला, शिक्का मारला. मग विचारलं, तुम्हीही इथलेच ना, तुमचंही नाव असेल याच्यात कुठे, बघू या का? मी म्हणालो, नको, गाडी चुकेल. गाडीला अजून तीन तास होते. माझ्या नावापुढच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं, हे बघायची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही.

तिथून निघालो आणि या वेळी मारुतीच्या मागून गेलो नाही. गुरुजींच्या दारावरून गेलो. दाराला कुलूप होतं. ओट्यावर खाट उभी करून ठेवली होती.

कागद गेले. मध्ये एकदा परत आले, एक शिक्का कमी म्हणून. पुन्हा गेले. पाडवा झाला, उन्हाळा झाला. एके दुपारी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, की पेन्शनच्या कागदावर पत्नी म्हणून जिजीचं नाव चढलं. पुढे काही महिन्यांनी दवाखान्याचं कार्ड. त्यावर तोच फोटो, मेजरचा भाग कापलेला, फक्त जिजी. ती ते कार्ड दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची आणि म्हणायची, माझ्या या पोराने केलं. मेजर ऐकायचे.

पहिल्या दिवशी मीच त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. जिजीचा नंबर वेगळा, मेजरचा वेगळा. डॉक्टरीणबाईंनी जिजीला तपासलं आणि तिलाही थोडं ओरडल्या. ती खूश झाली. इतक्या वर्षांत तिला कोणी डॉक्टर म्हणून ओरडलं नव्हतं. खिडकीवरून दोन पिशव्या मिळाल्या, प्रत्येकीवर वेगळं नाव. घरी येईपर्यंत तिने आपली पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला खाली गेलो तर जिजी गोळी अडकित्त्यात धरून बसली होती. मेजर हॉस्पिटलातून आल्यापासून कापायचं काम तिनेच घेतलं होतं, त्या सवयीने. मेजरनी तिच्या हातातून अडकित्ता काढून घेतला.

"अख्खी," ते म्हणाले.

तिने अख्खी गोळी तळहातावर ठेवून बघितली, जशी काही फार मोठी आहे, आणि पाण्याबरोबर गिळली.

ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "नाव चढलं. आता सांगू तिला?"

मेजर पायात मोजा चढवत होते. अंगठ्याच्या जागी मोजा रिकामा राहतो, तो ते आत दुमडतात. दुमडून झाल्यावर म्हणाले, "आता कशाला? आता तर तिला सुखाने गोळी खाऊ दे."

ते खरं होतं. मग मला कळलं की त्यांनी मला मोकळं होण्यासाठी कधीच मुदत दिली नव्हती. शिक्षाही म्हणता येत नाही, रागाने तर ते एकदाही बोलले नाहीत. अजून मला जवानच म्हणतात. अजून बँकेचं काम माझ्यावरच टाकतात आणि मी येऊन सांगतो ते परत तपासत नाहीत. मी मात्र आता प्रत्येक गोष्ट दोनदा बघून येतो आणि पावती आणून पुढे ठेवतो. ते पावतीकडे बघत नाहीत.

या आखाजीला मी गावी निघालो तेव्हा जिजीने अडकित्ता चिंचेने घासून लखलखीत केला आणि कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. तुझी माय सुपारी खाते ना, तिला दे, आम्हाला आता कशाला लागतो, म्हणाली. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गावी चार दिवस राहिलो. आईच्या पानाच्या डब्याशेजारी बसलो, तिचा जुना अडकित्ता नीट चालत नाही हेही बघितलं. दिला नाही. परत आलो तेव्हा जिजीने विचारलं, मायला आवडला का? माझ्या तोंडावर हो आलंच होतं. मी चपला काढत होतो. मग सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, नाही दिला जिजी, माझ्याकडेच ठेवला.

तिला वाटलं, आठवण म्हणून ठेवला. ती हसली आणि भाकरी टाकायला आत गेली.